मेंढरं मोजायची नाहीत म्हणालो होतो

वैशे,

तुझा लॅपटॉप अजून खिडकीपाशी लोखंडी टेबलावरच आहे. धूळ बसू नये म्हणून तुझ्या आईनं त्याच्यावर तुझी हिरवी ओढणी टाकलीय. रोज दुपारी मी ओढणी काढतो, घडी करून मांडीवर ठेवतो आणि गेम चालू करतो. आतनं तुझी आई म्हणती, "झालं का चालू तुमचं." आधी हेच रागानं म्हणायची. आता नुसतं म्हणती, आणि ते मला ऐकवत नाही.

लिहायची मला सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, तीबी मेंढरामागं फिरताना जिथं मुक्काम पडंल तिथली. पण उमरग्याच्या कॉम्प्युटर सेंटरवाले तुझ्या आठवणीत एक लहान पुस्तक छापणार आहेत, त्यात घरच्यांनी काही लिहावं म्हणाले. तुझा सोपानमामा म्हणाला, "गुरुजीकडनं लिहून घेऊ, भाऊजी. नीट लिहितेत ते." म्या म्हणलं, माझ्या लेकीचं मी लिहीन, नीट नसलं तरी चालंल. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी हे ते लोक लिहितील. कशी गेलीस ते मी लिहीत नाही. उसाच्या ट्रॉलीचं नाव निघालं की तुझी आई उठून मेंढरांच्या वाड्यात जाती, आणि वाड्यात आता एका शेळीशिवाय काही नाही.

मला तुझ्याशी गेमचं बोलायचंय. दुसरं काही बोलायला गेलो तर माझ्यानं बोलवत नाही.

तू पहिल्यांदा हे मशीन घेऊन आलीस तवा मी ओट्यावर बसून होतो. मेंढरं विकून वर्ष झालं असंल. गुडघे गेले, गायरानं गेली, म्हणून विकली. पण विकल्यावर माणसानं दिवसभर करायचं काय, हे कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी काठी घेऊन उठायचो आणि ओट्यावर येऊन बसायचो. येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायचो. तुझ्या आईशी भांडायचो. तू ते सगळं बघत होतीस, ते मला ठाऊक आहे.

सेंटरमध्ये तू फॉर्म भरायचीस, झेरॉक्स काढायचीस. आता पोरांना गेम बनवायला शिकवायचा क्लास काढणार होते आणि शिकवायचं तुझ्याच गळ्यात पडलं होतं. "मला तरी कुठं येतंय, बापू," तू म्हणालीस. "सेंटरच्या शबाना मॅडमनं लॅपटॉप दिलाय, घरी शिका म्हणल्या. मी शिकते आन तुमाला शिकवते. तुमाला समजलं तर उमरग्यात कुणालाबी समजंल."

"म्हंजे मी येडा व्हय?"

"येडे न्हाय, हट्टी. हट्ट्याला शिकवून झालं की बाकीचे सोपे जातेत."

आई हसली होती तवा. तीबी किती दिवसांनी.

ते रंगीत ठोकळे मला आवडले, हे तुला कधी सांगितलं नाही. मराठीत लिहिलेले होते, म्हणून वाचता यायचे. 'पुढे जा'. 'वळ'. 'जर' आणि 'तर'. 'कायम'. एकाला एक चिकटवायचे आणि मग हिरवा झेंडा दाबायचा. पहिल्या दिवशी म्या धनगर काढला, त्याला बाणाच्या बटणावर चालवला. चालत चालत तो पडद्याच्या कडेला गेला आणि दिसंनासा झाला.

"गेला की गं."

"गेला न्हाय, बापू. हाय तिथंच. आपल्याला दिसत न्हाय एवढंच."

"मग आण माघारी."

तू मला आडवा आकडा आणि उभा आकडा दाखवलास. हरवला की आकडे टाकायचे, की माणूस मधोमध येऊन उभा. मी ते दहादा केलं असंल. त्याला घालवायचो आणि बोलवायचो. तू म्हणालीस, "आता पुढचं शिकू का ह्याच्यातच म्हातारं व्हायचं?"

मग मेंढरं. तू एक काढलीस आणि म्हणालीस, आता हिच्या नकला काढू, एक बटण दाबलं की पाहिजे तेवढी होतात. म्या नको म्हणलं. सगळी एकसारखी मेंढरं कुठल्या कळपात असतात? बांडीच्या पाठीवर डाग होता. कानतुटीचा कान लहानपणी कुत्र्यानं फाडला होता. काळतोंडी सगळ्यांच्या मागं राहायची आणि हाक दिली की सगळ्यांच्या पुढं. एकेक मेंढी मी हातानं काढली. माउस काठीसारखा धरला की रेघ वाकडी जायची. बांडी पहिल्यांदा बाजेसारखी झाली. तू तोंडाला ओढणी लावून हसत होतीस आणि मला वाटलं, उठून जावं. उठलो नाही. महिनाभर मेंढराच्या चेहऱ्यांत गेला. सोपानमामा येऊन बघायचा आणि म्हणायचा, "अवो, खरी विकली आन आता चित्रं राखताय व्हय?" तूच त्याला म्हणालीस, "मामा, ह्या मेंढरांना चारा लागत न्हाय. तुमाला देऊ का दोन?"

चित्रं झाली तवा म्या त्यांना धनगराच्या मागं चालायला लावलं. सगळी धनगराकडं निघाली आणि एकाच जागी जाऊन एकावर एक बसली. सगळ्या कळपाची एकच मेंढी दिसायला लागली. मला वाटलं, मशीन खराब झालं. तू म्हणालीस, "तुमी सगळ्यांना एकच जागा सांगितली, बापू. त्यांनी ऐकलं." मग प्रत्येकीला थोडं मागं, थोडं बाजूला, असं वेगळं वेगळं सांगावं लागलं. कुणी कुठं चालायचं हे मला पाठ होतं. त्या दिवशी कळप पडद्यावर पसरून चालला आणि मी पडद्याला डोळे लावून बसलो. तू विचारलंस, "मजा येतीय का, बापू?"

म्या म्हणलं, "येळ जातोय."

तू रोज विचारायचीस आणि मी रोज हेच म्हणायचो. तुला खरं उत्तर ठाऊक असंल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण ठाऊक असणं वेगळं आणि कानानं ऐकणं वेगळं. तू माझ्या तोंडून ऐकलं नाहीस.

आपलं खरं भांडण मोजण्यावरनं झालं.

गेममध्ये कळप हायवे ओलांडून वाघुरीत न्यायचा होता. तू आधी पत्र्याचं गेट काढलं होतंस, म्या ते पुसायला लावलं. वाघूर म्हणजे सुताची जाळी, खुंट्या ठोकून गोल ओढलेली, एका अंगाला तोंड ठेवलेलं. दिवस बुडायच्या आत मेंढरं त्यात घालायची आणि तोंड बांधायचं. ते तू छान केलंस, जाळीची एकेक गाठ काढलीस. पण वर कोपऱ्यात एक चौकोन टाकलास. त्यात आकडा. एक मेंढी आत गेली की एक, दुसरी गेली की दोन.

"हे काय?"

"मोजणी. सगळी आत आली का ते कळाया नको?"

"मेंढरं मोजत न्हाईत."

"मग कसं कळतं?"

"बघून कळतं."

तुला हे लहानपणापासून ठाऊक होतं, वैशे. माझ्या बापानं कधी मोजली नाहीत, त्याच्या बापानं नाहीत. मोजली की कमी होतात असं आम्ही मानतो. धनगर वाघुरीच्या तोंडाशी उभा राहतो आणि आत जाणारी तोंडं बघतो. एखादं तोंड दिसलं नाही की छातीत कळतं. कोण ते नंतर आठवतं, आधी कळतं. बाजारात मेंढरं विकली तवाबी म्या आकडा उच्चारला नाही, व्यापाऱ्यानं मोजली. हे लिहितानाबी किती होती ते मी लिहीत नाही.

तू म्हणालीस, हे सगळं खरं असंल, पण मोजलं नाही तर गेम संपत नाही. मेंढरं आत जाऊन नुसती फिरत राहणार. आपण जिंकलो का हरलो ते मशीनला समजणारच नाही. "मशीनला तोंड वळखता येत न्हाय, बापू. त्याला मोजावंच लागतं."

"मग शिकव त्याला वळखायला."

"तुमाला शिकवता शिकवता माझं केस पिकायची येळ आली. आता मशीनला शिकवू?"

हे कितीतरी दिवस चाललं. तू सेंटरवरनं आलीस की चहा प्यायच्या आधी विचारायचीस, "काय ठरलं, मोजायचं का?" मी नाही म्हणायचो. जेवताना पुन्हा. तुझी आई म्हणायची, खऱ्या मेंढरांवरनं एवढं भांडण कधी झालं नव्हतं. तू सासर सोडून आलीस तवा घरात सगळे हळू आवाजात बोलायचे. त्या गेमच्या दिवसांत घर पुन्हा मोठ्यानं बोलायला लागलं होतं.

त्या सकाळी मी ओट्यावर होतो. तू चपला घालताना म्हणालीस, "बापू, हो म्हणा. आज आल्या आल्या संपवून टाकते." सास्तूरच्या फाट्याकडं जीप उभी होती, भोंगा वाजत होता. म्या म्हणलं, "जा, जीप सुटंल."

तू गेलीस.

तुझे दिवस झाले, लोक आपापल्या घरी गेले. मग मी पहिल्यांदा ओढणी काढून मशीन उघडलं. मला ते संपवायचं होतं. शबाना मॅडमचा फोन आला होता की क्लास सुरू होतोय, लॅपटॉप न्यावा लागंल. घाई नाही म्हणाल्या, पण गुरुवार ठरला. म्या ठरवलं, गुरुवारच्या आत मेंढरं वाघुरीत घालून तोंड बांधायचं. आणि न मोजता. मशीनला तोंडं ओळखायला मी शिकवणार होतो.

म्या असं केलं. 'जर' ठोकळा घेतला. जर बांडी वाघुरीत आली. त्याला 'आणि' जोडला. आणि कानतुटी आली. आणि काळतोंडी आली. असं एकेकीचं नाव घेत 'आणि'च्या पोटात 'आणि' घालत गेलो. ठोकळा एवढा लांब झाला की पडद्यात मावंना. डावीकडं सरकवला की उजवं टोक दिसत नव्हतं. ठोकळा भलत्याच जागी चिकटायचा, मग सगळं उचकटून पहिल्यापासून. दुपार गेली की माझे डोळे जायचे. हिरवा झेंडा दाबायचो, मेंढरं चालायची, हायवे ओलांडायची, वाघुरीत शिरायची. सगळी शिरायची. मी एकेक तोंड बघायचो, सगळी असायची. आणि गेम संपायचा नाही. आतल्या आत घिरट्या घालत राहायची, आणि मशीन वाट बघत बसायचं.

वैशे, मला तुझा लई राग आला. खरं लिहितो. तू मला ह्यात ओढायला नको होतंस. ओट्यावर मी नुसता बसलेला होतो आणि त्याची मला सवय झाली होती. तू उठवलंस, रोज संध्याकाळची वाट बघायला लावलंस, आणि मधेच टाकून गेलीस. आता ओट्यावर बसताबी येत नाही आणि ह्या टेबलापाशी बसताबी येत नाही. सोपानमामा म्हणाला, "सेंटरात कुणाला तरी विचारा की. विचारल्यानं काय मान जातो व्हय?" तूबी हेच म्हणायचीस. म्या त्याला म्हणलं, विचारायचं होतं तिला विचारलं.

बुधवारी पुन्हा सगळा ठोकळा उचकटला, पुन्हा लावला. झाला नाही. तुझी आई येऊन मागं उभी राहिली. तिनं कधी पडद्याकडं बघितलं नव्हतं. म्हणाली, "बांडी अशीच चालायची." मग आत गेली. तू असतीस तर त्या एका वाक्यासाठी तिला चिडवून चिडवून बेजार केलं असतंस.

हे लिहायला घेतलं तवा लॅपटॉप इथंच होता. आज गुरुवार. शबाना मॅडम येऊन गेल्या. लहान आहे गं ती पोरगी, तुझ्यापेक्षाबी लहान. मी तिला मॅडम म्हणतो तर तिलाच अवघडल्यासारखं होतं. आईजवळ बराच वेळ बसली. मग टेबलापाशी आली, गेम चालवून बघितला. मग मागचे ठोकळे उघडले आणि माझा तो लांब ठोकळा बघून थांबली.

"बाबा, हे तुमीच केलं?"

"म्याच."

"चुकीचं न्हाय हे. लांब हाय, पण बरोबर हाय. इथं एक 'आणि' बाहेर पडलाय, त्यामुळं अडतंय. तो आत बसवला की चालतंय बघा." मग माझ्याकडं बघत म्हणाली, "वैशालीनं मोजणीचंबी अर्धं करून ठेवलंय. दोन्हीतलं कुठलं ठेवू?"

म्हणजे मी जिंकलो होतो. इतके दिवस तू सांगत होतीस की मोजल्याबिगर होत नाही, आणि होत होतं. एक ठोकळा आत सरकवला की झालं. तुझ्यासमोर हे झालं असतं तर मी आठ दिवस गावभर सांगत फिरलो असतो, आणि तू तोंड फुगवून चहा दिला असतास. आता जिंकून सांगायचं कुणाला? तुझ्या माघारी तुझं म्हणणं खोटं पाडायचं, हे माझ्यानं होईना.

म्या म्हणलं, "तिचं ठेवा. मोजा."

तिनं माउस हातात घेतला. मग तुझा अर्धा ठेवलेला भाग काढला आणि दोन-चार ठोकळे लावले. लावता लावता सहज म्हणाली, "आकडा वर दिसू देऊ का लपवू, बाबा?"

"लपवता येतो?"

"येतो की. इथली ही खूण काढली की वर दिसत न्हाय. आतल्या आत मोजतं. कुणालाच कळत न्हाय."

म्या विचारलं, "हे वैशीला ठाऊक होतं का?"

"असंल की. पहिल्या धड्यातलंच हाय." मग माझं तोंड बघून तिला काहीतरी वाटलं असावं. म्हणाली, "का नसंल बी. ती बी नवीनच शिकत होती ना, बाबा. मला न्हाय सांगता येणार."

तिनं खूण काढली. झेंडा दाबायला लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. म्या दाबला. धनगर निघाला, मेंढरं निघाली, हायवे ओलांडला. वाघुरीत सगळ्यात शेवटी काळतोंडी शिरली आणि पडदा थांबला. सगळी जिथल्या तिथं उभी राहिली. कोपऱ्यात आकडा नव्हता. शबाना म्हणाली, "झालं, बाबा." तुझी आई दारात उभी होती.

तुला ठाऊक होतं का, वैशे?

ठाऊक असंल, तर एक खूण काढली असतीस आणि त्याच दिवशी माझंबी खरं झालं असतं, तुझंबी. मग रोज येऊन ते भांडण का काढायचीस? म्हाताऱ्याला टेबलापाशी बसवून ठेवायला? का मला एकदा हरवायचंच होतं? का खरंच ठाऊक नव्हतं, आणि तूबी माझ्यासारखीच अडून बसली होतीस? मी दुपारपासून तुझं तोंड आठवतोय. जेवताना हसायचीस ते, चपला घालताना मान वर करून 'हो म्हणा' म्हणालीस ते. तोंड बघून मला मेंढीचं दुखणं कळायचं. तुझ्या तोंडावरनं मला हे कळत नाही. कधी असं वाटतं, कधी तसं.

ओढणी तुझ्या आईनं काढून घेतली. लॅपटॉप गेला. टेबल मोकळं आहे, त्याच्यावरच हे लिहितोय. क्लासात पोरांना आपला गेम दाखवणार म्हणाली शबाना, म्या नाही म्हणलं नाही. जाताना तिनं तिचा नंबर भिंतीवर पेन्सिलीनं लिहून दिला. म्हणाली, "काही अडलं तर कधीबी फोन करा, बाबा. मी सांगीन."

म्या बरं म्हणलं. मला जे अडलंय ते तिला विचारून झालंय, आणि तिला सांगता येत नाही.

तुझा,
बापू